टर्मिनलमधून तीन सूर: कमांड लाइन प्रोग्रामला आवाज देण्याच्या नोंदी

मोठा बॅकअप, व्हिडिओचं रूपांतर, डेटाबेसची आयात अशी कामं टर्मिनलवर (कमांड टाइप करून काम चालवायची खिडकी) लावून माणूस दुसऱ्या खोलीत जातो. परत येऊन बघावं तर काम कधीच संपलेलं असतं, किंवा दुसऱ्याच मिनिटाला पडलेलं असतं, किंवा ‘पुढे जाऊ का, हो की नाही’ विचारून थांबलेलं असतं. या तीन प्रसंगांसाठी तीन वेगळे आवाज, एवढंच काम. प्रोग्रामचं नाव ‘सूर’.

अटी: पायथॉनच्या स्टँडर्ड लायब्ररीबाहेरचं काही बसवायचं नाही. उबुंटूचा लॅपटॉप, टीव्हीला एचडीएमआयने जोडलेला रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक, पुढे नुसतं ‘पाय’) आणि विंडोज ११ या तिन्हींवर एकच फाइल चालली पाहिजे. आवाजाच्या फाइली सोबत वागवायच्या नाहीत. सूर प्रोग्रामनेच जागेवर तयार करायचे.

११ जानेवारी २०२५: घंटेपासून सुरुवात

सगळ्यात स्वस्त आवाज म्हणजे टर्मिनलची घंटा. आस्कीमधला ७ क्रमांकाचा कोड. टेलिप्रिंटरच्या काळात तो आला की यंत्रातली खरी घंटा वाजायची. आज पायथॉनमध्ये उलटी तिरकी रेघ आणि ‘ए’ छापलं की तोच बाइट जातो. एका ओळीचं काम, पण त्यात तीन खड्डे आहेत.

पहिला: घंटा छापली आणि ओळ संपवली नाही, तर बाइट बफरमध्येच (छापण्याआधीची तात्पुरती साठवण) बसून राहतो आणि पुढची ओळ छापली जाईल तेव्हा वाजतो. काम संपल्याची घंटा पुढचं काम सुरू होताना वाजते. प्रिंटला ‘फ्लश’ खरं असं सांगितलं की हे मिटतं.

दुसरा: कोणी आउटपुट फाइलमध्ये वळवलं असेल तर घंटा निमूट त्या फाइलमध्ये जाऊन बसते, आणि लॉगमध्ये नंतर विचित्र चिन्ह दिसतं. म्हणून घंटा स्टँडर्ड आउटपुटवर न पाठवता थेट ‘डेव्ह’मधल्या ‘टीटीवाय’वर लिहायची. क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) चालताना टर्मिनलच नसतं, तिथं ती फाइल उघडताना ‘ओएसएरर’ येते. ती पकडून गप्प बसायचं.

तिसरा खड्डा आपल्या हातात नाही. घंटेचं काय करायचं हे टर्मिनल ठरवतं. कुठे आवाज येतो, कुठे पडदा लुकलुकतो, कुठे काहीच होत नाही. नोम टर्मिनलमध्ये प्रत्येक प्रोफाइलला घंटेची वेगळी खूण असते. ती काढलेली असेल तर कोड कितीही बरोबर असून उपयोग नाही. टीमक्समध्ये (एका टर्मिनलात अनेक खिडक्या चालवणारा प्रोग्राम) ‘बेल ॲक्शन’चं सेटिंग वेगळंच. आवाज येत नसेल तर आधी ‘प्रिंटएफ’ने नुसता बाइट पाठवून बघा, तो वाजला नाही तर कोडला हात लावू नका.

घंटेने तीन आवाज होत नाहीत. एकदा, दोनदा, तीनदा वाजवून बघितलं, तर कित्येक टर्मिनलं लागोपाठच्या घंटा एकत्र करून एकच वाजवतात. घंटा फक्त शेवटचा पर्याय म्हणून ठेवली.

१२ जानेवारी: मदरबोर्डचा स्पीकर, आणि लगेच रजा

लिनक्सवर ‘बीप’ नावाची कमांड मिळते. ती मदरबोर्डच्या छोट्या स्पीकरकडे जाते. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून ही सोय आहे: ११,९३,१८२ हर्ट्झच्या घड्याळाला एका पूर्णांकाने भागायचं आणि जो चौकोनी तरंग मिळेल तो वाजवायचा. ४४० हर्ट्झसाठी भाजक येतो २७१२, म्हणजे प्रत्यक्षात ४३९.९६. सूर म्हणून उत्तमच, पण आवाज लहानमोठा करता येत नाही, उबुंटू त्याचं मॉड्यूल मुळातच बंद ठेवतं, आणि नव्या लॅपटॉपमध्ये तो स्पीकर असतोच असं नाही. यात वेळ घालवू नये.

१८ जानेवारी: सूर स्वतः तयार करणं

साइन तरंगाची सॅम्पल्स (ठराविक क्षणांच्या उंचीचे आकडे) मोजायची, पायथॉनच्या ‘वेव्ह’ मॉड्यूलने त्यांना डब्ल्यूएव्ही या आवाजाच्या फाइलचं रूप द्यायचं आणि वाजवणाऱ्याकडे सोपवायचं. ठरवलेले आकडे: सेकंदाला ४४,१०० सॅम्पल्स, १६ बिट, एक चॅनल. ताकद पूर्ण ३२,७६७ न घेता तिच्या ०.३ पट, म्हणजे ९,८३०. हेडफोन लावलेल्या माणसाच्या कानाचा विचार करूनच हा आकडा धरावा.

सूर कुठले? काळी एकचा सा २७७.१८ हर्ट्झ. लॅपटॉपच्या स्पीकरमधून तो पातळ आणि मेल्यासारखा येतो, कारण एवढ्याशा पडद्याला खालचे सूर ढकलता येत नाहीत. म्हणून एक सप्तक वर: सा ५५४.३७, पंचम त्याच्या दीडपट म्हणजे ८३१.५५. प्रत्येक सूर ०.१५ सेकंद.

तपासणीची सोपी रीत: एका सुराची ६,६१५ सॅम्पल्स, प्रत्येकी २ बाइट म्हणजे १३,२३०, अधिक ४४ बाइटचा मथळा (हेडर, फाइलच्या सुरुवातीची माहिती). फाइल बरोबर १३,२७४ बाइटची भरली पाहिजे. निम्मी किंवा दुप्पट भरली तर सॅम्पलची रुंदी किंवा चॅनलची संख्या चुकली आहे, ऐकून बघायचीही गरज नाही.

जागा वाचवायला ८ बिट घेण्याचा मोह होतो. घेऊ नका. डब्ल्यूएव्हीमध्ये १६ बिटची सॅम्पल्स शून्याच्या वरखाली जातात, पण ८ बिटची ० ते २५५ असतात आणि तिथं शांतता म्हणजे १२८. दोन सुरांमध्ये शांतता म्हणून शून्यं भरली की स्पीकरचा पडदा पार खाली जाऊन आदळतो आणि प्रत्येक सुराआधी ‘धप्’ येतं. १३ किलोबाइटच्या आवाजात वाचवण्यासारखं काही नाही.

१९ जानेवारी: ‘खट्ट’

सूर वाजले, पण प्रत्येकाच्या शेवटी खट्ट असा आवाज. पंचमाच्या शेवटचा जास्त मोठा.

कारण आकड्यांतच आहे. ५५४.३७ गुणिले ०.१५ म्हणजे ८३.१६ आवर्तनं. सूर आवर्तनाच्या मध्येच तुटतो. साच्या शेवटच्या सॅम्पलची किंमत साधारण ७,७००, आणि त्यानंतर एकदम शून्य. पंचमाची १२४.७३ आवर्तनं होतात. तो तुटतो तेव्हा तरंग तळाजवळ, उणे ९,६०० च्या आसपास असतो. एवढी उडी सेकंदाच्या ४४,१०० व्या भागात पडली की कानाला ती सूर म्हणून कळत नाही, ठोका म्हणून कळते. पंचमाची उडी मोठी, म्हणून त्याचा ठोका मोठा.

पहिला उपाय: सुराची लांबी अशी जुळवायची की पूर्ण आवर्तनं बसतील आणि शेवट शून्यावर येईल. ठोका कमी झाला, गेला नाही. तरंग शून्यावर असला तरी तिथं त्याचा चढ सगळ्यात तीव्र असतो, आणि तो चढ एकाएकी थांबतो. शिवाय प्रत्येक सुराची लांबी वेगळी होते, लय बिघडते. उपाय मागे घेतला.

दुसरा उपाय: शेवटची एक मिलिसेकंद, म्हणजे ४४ सॅम्पल्स, सरळ रेषेत शून्यावर आणायची. खट्टचं टिक् झालं. अजून ऐकू येतंच.

तिसरा, जो टिकला: दोन्ही टोकांना १० मिलिसेकंद, ४४१ सॅम्पल्स, आणि सरळ रेषेऐवजी कोसाइनचा वळसा. ‘के’व्या सॅम्पलला गुणक म्हणजे एक वजा कोसाइन (π गुणिले के भागिले ४४१), त्याचं निम्मं. शेवटाला तोच उलटा. आवाज स्वच्छ झाला. हा उतार प्रत्येक सुराला वेगळा लावायचा. पूर्ण संकेताच्या फक्त दोन टोकांना लावला तर मधल्या सुरांचे ठोके जसेच्या तसे राहतात, आणि ‘उतार लावला तरी खट्ट येतंय’ असं वाटत राहतं. दोन सुरांमध्ये ४० मिलिसेकंद शांतता, १,७६४ सॅम्पल्स.

टोल दिल्यासारखा विरत जाणारा आवाज हवा असेल तर घातांकी उतार घेतात. तो शून्याला कधीच पोचत नाही. ०.१५ सेकंदात तीन ‘टाइम कॉन्स्टंट’ बसवले तरी शेवटी ५ टक्के ताकद उरते आणि तिथं तुटल्यावर टिक् येतंच. म्हणून विरणाऱ्या आवाजालाही शेवटचे १० मिलिसेकंद कोसाइनचा उतार हवाच.

२ फेब्रुवारी: ‘एप्ले’ला सोपवणं

लिनक्सवर वाजवायला ‘अल्सा-युटिल्स’मधलं ‘एप्ले’. फाइल डिस्कवर न लिहिता पाइपमधून (एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्याच्या इनपुटला) द्यायची होती, म्हणून कच्ची सॅम्पल्स सरळ त्याच्या इनपुटला दिली. एक सेकंदाच्या चाचणी सुराऐवजी अकरा सेकंद खरखर.

अकराच का, ते हिशेबाने कळतं. काही सांगितलं नाही तर ‘एप्ले’ सेकंदाला ८,००० सॅम्पल्स, ८ बिट, एक चॅनल असं धरून चालतं. म्हणजे सेकंदाला ८,००० बाइट. आपण दिले ८८,२००. भागाकार ११ च्या किंचित वर. खरखर अशी की प्रत्येक १६ बिटचं सॅम्पल दोन तुकड्यांत वेगवेगळं वाजतं. कच्चा डेटा द्यायचाच तर चारही गोष्टी स्वतः सांगाव्या लागतात: प्रकार रॉ, फॉरमॅट एस१६ एलई, दर ४४१००, चॅनल १.

त्यापेक्षा डब्ल्यूएव्हीच पाइपमधून द्यावं, मथळा वाचून ‘एप्ले’ सगळं ओळखतं. इथं ‘वेव्ह’ मॉड्यूल अडतं: बंद होताना ते मागे जाऊन मथळ्यातली लांबी दुरुस्त करतं, आणि पाइपमध्ये मागे जाता येत नाही. उपाय म्हणजे आधी मेमरीतल्या ‘बाइट्सआयओ’मध्ये पूर्ण फाइल तयार करायची आणि मग ती एकगठ्ठा पाठवायची.

आता सुरू करून सोडून द्यायचं की संपेपर्यंत थांबायचं? सोडून दिलं (‘पीओपन’) तर टर्मिनलवर सगळं ठीक चालतं, म्हणून दोष लपून राहतो. पण हाच प्रोग्राम सिस्टमडीच्या (लिनक्सवर मागे चालणारी कामं सांभाळणारी यंत्रणा) सर्व्हिसमधून चालवला की मुख्य प्रक्रिया संपताक्षणी सिस्टमडी तिच्या मागच्या सगळ्या प्रक्रिया मारतं, ‘एप्ले’सकट. सुराचा जेमतेम ‘टु’ ऐकू येतो. ‘सबप्रोसेस रन’ वापरून संपेपर्यंत थांबायचं ठरवलं. अर्ध्या सेकंदाचा प्रश्न आहे. मात्र तीन सेकंदांची मुदत घातली, कारण ध्वनियंत्र दुसऱ्या कोणी अडवून ठेवलं असेल तर ‘एप्ले’ लटकून राहू शकतं, आणि आवाजापायी रात्रीचा बॅकअप लटकणं परवडणारं नाही.

पाइपवायर किंवा पल्सऑडिओ (सगळ्या प्रोग्रामांचा आवाज सांभाळणाऱ्या यंत्रणा) असलेल्या उबुंटूवरही ‘एप्ले’ चालतं, ‘डीफॉल्ट’ उपकरणातून आवाज तिकडेच वळतो. ‘पीएप्ले’, ‘पीडब्ल्यू-प्ले’ या त्यांच्या स्वतःच्या कमांडची वेगळी शाखा लिहिली होती, ती काढून टाकली.

१५ फेब्रुवारी: टीव्ही पहिला सूर खातो

सगळ्यात जास्त वेळ इथं गेला.

पाय ४ वर ‘झालं’चा संकेत सा–प असा दोन सुरांचा होता. टीव्हीतून फक्त पंचम आला. आणि ‘उत्तर हवंय’चा संकेत म्हणजे एकटा पंचमच होता! त्यामुळे प्रत्येक संपलेलं काम अडलेलं वाटायला लागलं. आवाज अजिबात न येणं परवडलं असतं. चुकीचा अर्थ सांगणारा आवाज त्याहून वाईट.

आधी संशय कोडवर गेला. सुरांचा क्रम, उताराचं गणित, बफर, सगळं पुन्हा तपासलं. मग तीच फाइल दोनदा लागोपाठ वाजवली, तर दुसऱ्यांदा दोन्ही सूर आले. थोडा वेळ जाऊ दिला की पुन्हा सा गायब. म्हणजे कोड निर्दोष. एचडीएमआयवर आवाज नसतो तेव्हा ती वाट झोपते. नवा आवाज आला की टीव्ही आधी फॉरमॅट ओळखतो, मग त्याचा ॲम्प्लिफायर उघडतो, आणि तोपर्यंत आलेलं वाया जातं. गाणं ऐकताना पहिला अर्धा सेकंद गेला तर कोणाला कळतही नाही. आपला संकेतच त्याहून छोटा आहे.

उपाय: संकेताच्या पुढे शांतता जोडायची. थोड्या शांततेने साचा मागचा अर्धा भाग आला, ८०० मिलिसेकंदांनी पूर्ण आला. दुसऱ्या टीव्हीला आणखी लागू शकेल म्हणून हा आकडा सेटिंगमध्ये ठेवला. काही यंत्रं सलग शून्यं म्हणजे आवाजच नाही असं समजून झोपूनच राहतात. त्यांच्यासाठी शांततेत शून्याऐवजी उणे १, ० आणि १ यांतली कुठलीही किंमत टाकत जायची. ३२,७६७ पैकी १ कानाला कळत नाही, पण यंत्र जागं होतं.

आणि संकेतही बदलले. नियम असा की पुढचा सूर गेला तरी उरलेलं दुसऱ्या संकेतासारखं वाटता कामा नये. ते पुढे १५ मार्चच्या नोंदीत.

उपकरणाच्या नावाची भानगडही पायवरच निघाली. ‘एचडब्ल्यू’ने सुरू होणारं नाव दिलं की डेटा कुठलंही रूपांतर न होता जसाच्या तसा उपकरणाकडे जातो, आणि एचडीएमआयला आपलं साधं एकचॅनली रूप चालत नाही, ‘नॉन अव्हेलेबल’ अशी तक्रार येते. ‘डीफॉल्ट’ राहू द्यावं, ते स्वतः रूपांतर करतं. यूएसबी साउंड कार्ड लावलं असेल तर कार्डाचा क्रमांक कोडमध्ये लिहू नये. रीबूटनंतर ० चं १ होतं. ‘एप्ले’ला मोठा ‘एल’ दिला की नावांची यादी मिळते, त्यातलं नाव वापरावं.

टीव्ही नकोच असेल तर पाय ४ ला ३.५ मिलिमीटरचा जॅक आहे, तिथं साधा छोटा स्पीकर चालतो आणि झोपेची कटकट राहत नाही. पाय ५ आणि झीरोला तो जॅक नाही. तिथं यूएसबी साउंड कार्ड लागेल, काही शे रुपयांत मिळतं. स्पीकरची वीज पायच्याच यूएसबीतून घेतली तर मागे बारीक गुणगुण येते. चार्जर वेगळा ठेवावा.

१६ फेब्रुवारी: तेच लॅपटॉपवर, लहान प्रमाणात

उबुंटूच्या लॅपटॉपवर सुराच्या आधी कधी कधी ‘टप्’ येतं. साउंड कार्डची वीज वाचवण्याची सोय आहे ती: ‘एसएनडी एचडीए इंटेल’ मॉड्यूलचं ‘पॉवर सेव्ह’. पल्सऑडिओही ५ सेकंद काही वाजलं नाही की उपकरण सोडून देतं. ही सेटिंगं बंद करायच्या सूचना सगळीकडे सापडतात, पण एका संकेतापायी लोकांच्या बॅटरीला हात लावणं बरोबर नाही. पुढे २०० मिलिसेकंद शांतता ठेवली. टप् येतं, पण सुराला चिकटून येत नाही.

इथवरच्या सगळ्या तक्रारी सुराच्या टोकांच्या आहेत हे लक्षात घ्या. सुरू होताना गिळला जातो, संपताना तुटतो. मधला भाग पहिल्या दिवसापासून बरोबरच वाजत होता.

२३ फेब्रुवारी: विंडोज

पायथॉनसोबत ‘विनसाउंड’ येतं. त्यातलं ‘बीप’ ३७ ते ३२,७६७ हर्ट्झमधला पूर्णांक आणि मिलिसेकंद घेतं. एका मिनिटात आवाज येतो म्हणून सगळे तिथंच थांबतात. पण आवाजाची ताकद ठरवता येत नाही, उतार देता येत नाही आणि लागोपाठ दोन बीपमधलं अंतर एकसारखं राहत नाही.

आपल्याकडे डब्ल्यूएव्ही तयारच आहे, तर ‘प्लेसाउंड’ला मेमरीतून द्यावं. ‘मेमरी’ आणि ‘एसिंक’ (वाजत ठेवून पुढे जाणं) हे दोन झेंडे, म्हणजे पर्याय, एकत्र लावले तर पायथॉन ‘रनटाइमएरर’ देऊन नकार देतं, आणि ते योग्यच आहे: वाजणं चालू असताना ती मेमरी मोकळी झाली तर काय वाजेल सांगता येत नाही. फाइल आणि एसिंक चालतं, पण प्रोग्राम संपला की सूर तिथंच तुटतो. पुन्हा टोक. फक्त ‘मेमरी’ वापरून संपेपर्यंत थांबायचं, लिनक्ससारखंच.

फाइलने वाजवणाऱ्यांसाठी एक सापळा: फाइल सापडली नाही तर विंडोज गप्प बसत नाही, स्वतःचा ठरलेला ‘टिंग’ वाजवतं. चाचणी करणाऱ्याला वाटतं चाललं. ‘नोडीफॉल्ट’ झेंडा लावला की खरं कळतं. तात्पुरती फाइल करायची तर ‘नेम्डटेम्पररीफाइल’ विंडोजवर उघडी असताना दुसऱ्याला सहसा उघडू देत नाही. मेमरीचा रस्ता घेतल्याने हे सगळं टळलं.

मॅकसाठी ‘एएफप्ले’ आहे, त्याला फाइल द्यावी लागते. ती शाखा लिहिली आहे, पण वाजवून संपल्यावरच फाइल पुसायची. सुरू करून लगेच पुसली तर कधी वाजतं, कधी नाही.

२ मार्च: क्रॉन आणि एसएसएच

टर्मिनलमधून वाजणारा सूर क्रॉनमधून मुका. क्रॉनला वापरकर्त्याच्या सत्राची माहिती नसते, त्यामुळे पाइपवायरचं सॉकेट सापडत नाही. ‘एक्सडीजी रनटाइम डिर’ हे व्हेरिएबल स्वतः भरावं लागतं; पहिल्या वापरकर्त्यासाठी ते सहसा ‘रन’ मधल्या ‘यूजर’ मधलं १००० असतं. तो वापरकर्ता लॉगिन असायलाच हवा, नाहीतर ती फोल्डरच नसते.

एसएसएचचा (लांबच्या यंत्रावर आपल्या टर्मिनलमधून काम करायची सोय) गोंधळ उलटा. सूर वाजतो, पण जिथं प्रोग्राम चालतोय तिथं. लांबच्या सर्व्हरला साउंड कार्ड नसलं तर काहीच नाही. असलं तर तिथल्या रिकाम्या खोलीत पंचम घुमतो. पहिल्या दिवशी बाजूला ठेवलेली घंटा इथं कामाला आली: तो साधा बाइट असल्याने एसएसएचमधून तुमच्या टर्मिनलपर्यंत प्रवास करतो आणि तुमच्यासमोर वाजतो. म्हणून नियम: ‘एसएसएच कनेक्शन’ व्हेरिएबल भरलेलं असेल तर सूर नाही, घंटा. टीमक्समध्ये जुन्या खिडक्यांत हे व्हेरिएबल शिळं राहतं. काल घरून जोडलेलं आज समोर बसल्यावरही तसंच दिसतं. ओळखण्याची खात्रीची रीत नाही, म्हणून ‘फक्त घंटा’ आणि ‘फक्त सूर’ असे दोन पर्याय हाताने द्यायला ठेवले.

८ मार्च: कामाचा निकाल बिघडवायचा नाही

‘सूर’ला पुढे कमांड द्यायची, तो ती चालवतो आणि निकालाप्रमाणे वाजवतो. यात आवाजापेक्षा महत्त्वाचं म्हणजे कमांडचा परतीचा कोड (यश की अपयश सांगणारा आकडा) जसाच्या तसा परत गेला पाहिजे. आवाज फसला तरी तोच कोड. आवाजाचा सगळा भाग एका ‘ट्राय’मध्ये गुंडाळला आणि तक्रार फक्त स्टँडर्ड एररवर एका ओळीत.

सिग्नलने (प्रक्रियेला थांबायला सांगणारा संदेश) मेलेल्या प्रक्रियेसाठी पायथॉन उणे आकडा देतं, ९ ने मारली तर उणे ९. शेलची रीत १२८ अधिक ९, म्हणजे १३७. तो बदल स्वतः करावा लागतो. कंट्रोल-सी दाबून थांबवलं (१३०) तर काहीच वाजवायचं नाही. माणूस समोरच बसलाय.

दहा सेकंदांपेक्षा कमी चाललेल्या कामालाही सूर नाही. वेळ मोजताना ‘टाइम’ नव्हे, ‘मोनोटॉनिक’ वापरायचं. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. सुरू झाल्यावर नेटवरून वेळ आली की घड्याळ एकदम उडी मारतं, आणि दोन सेकंदांचं काम कित्येक तास चाललं असं दिसतं.

१५ मार्च: सुरांची अखेरची निवड

झालं: सा, प, वरचा सा. पहिला गेला तरी चढती जोडी उरते.

उत्तर हवंय: पंचम दोनदा, मधे २०० मिलिसेकंदांचं अंतर. पहिला गेला तर एकटा पंचम उरतो, आणि तसा दुसरा कुठलाच संकेत आता नाही.

फसलं: सा आणि कोमल रे एकदम, ०.४ सेकंद. कोमल रे साच्या १६/१५ पट, ५९१.३३ हर्ट्झ. दोघांतला फरक ३७ हर्ट्झच्या आसपास, म्हणून आवाज कर्कश थरथरतो. हा संकेत शिकवावा लागत नाही. लांब असल्याने पुढचा तुकडा गेला तरी ओळखू येतो.

शुद्ध साइन मिक्सर किंवा पंख्याच्या आवाजात बुडतो, म्हणून दुसरा आणि तिसरा स्वरांश (मूळ सुराच्या दुप्पट आणि तिप्पट हर्ट्झचे सूर) ०.४ आणि ०.२ ताकदीने मिसळला. आता ताकदींची बेरीज १.६ होते, आणि ‘फसलं’मध्ये असे दोन सूर म्हणजे ३.२. त्याला ९,८३० ने गुणलं की ३१,४५६. मर्यादेच्या आत, पण जेमतेम. कोणी ताकद ०.३ वरून ०.४ केली की ‘ॲरे’ ‘ओव्हरफ्लोएरर’ देऊन थांबतं. नमपाय (पायथॉनची गणितासाठीची बाहेरची लायब्ररी) वापरणाऱ्यांना ही एररही मिळत नाही. तिथं आकडा वरून फिरून खाली जातो आणि कान फाटेल असा तडतडाट येतो. बेरजेनंतर सगळ्यात मोठ्या सॅम्पलने भागून मग ताकद लावायची, हा क्रम पक्का ठेवा.

पंचम दीडपट घेतला आहे, हार्मोनियमच्या पट्टीप्रमाणे घेतला असता तर ८३०.६१ आला असता. एकामागून एक वाजताना फरक कळत नाही. कोणाला याच कोडवरून तानपुऱ्यासारखा सलग आधार करायचा असेल तर मात्र कळतो: साचा तिसरा स्वरांश १,६६३.१ आणि पट्टीच्या पंचमाचा दुसरा १,६६१.२, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन हेलकावे. दीडपट ठेवला की आवाज स्थिर.

२२ मार्च: राहिलेलं

ब्लूटूथ हेडफोन. त्यांना जागं व्हायला लागणारा वेळ दर वेळी वेगळा, कधी ८०० मिलिसेकंदांच्या शांततेतही सा जातो. शांतता दीड सेकंद केली तर वाजतं, पण मग ‘उत्तर हवंय’ ऐकू येईपर्यंत माणसाने उत्तर टाइप केलेलं असतं. सध्या ब्लूटूथसाठी वेगळं काही केलेलं नाही. सेटिंगमधला आकडा वाढवून घ्यावा.

पायथॉन ३.१३ मध्ये ‘ऑडिओऑप’ आणि ‘ओएसएसऑडिओडेव्ह’ काढून टाकलेत. जुन्या उदाहरणांत ते दिसतात, तो कोड आता चालणार नाही. ‘वेव्ह’ आणि ‘विनसाउंड’ जागेवर आहेत, इथं तेवढेच लागतात.